हँडबॉलचा अंदाज आणि पैजेचा भाव

प्रश्न : माझा पुतण्या कोल्हापुरात कॉलेजला आहे. सुट्टीला गगनबावड्याला आला की रात्री सव्वाअकराला मोबाईल उघडतो आणि युरोपातल्या क्लबांचे हँडबॉल सामने बघत बसतो. सामन्याआधी वहीत काहीबाही लिहितो : कोण जखमी, कोण घरच्या मैदानावर, मागच्या वेळी किती गोल. त्याच्या स्क्रीनवर 1.25, 12.00, 4.50 असे आकडे दिसतात. त्याचं म्हणणं असं की, ‘काका, क्रिकेटवर सगळं जग पैसे लावतं, तिथं काही उरत नाही. हँडबॉल कोण बघतंय? इथं अभ्यास करणाऱ्याला मिळतंच.’ त्यानं पैसे लावलेत का, हे विचारलं तर विषय बदलतो. हे आकडे नेमकं काय सांगतात? अभ्यासानं सामन्याचा अंदाज खरंच बांधता येतो का? आपल्याकडे हे कायद्यात बसतं का? आणि मी त्याला रागावू की समजावू? — एक वाचक, गगनबावडा

उत्तर : तुमच्या पुतण्याच्या बोलण्यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. सामना वाचता येतो, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. सामना वाचता आला की पैसे मिळतात, हे चूक आहे. या दोहोंत अंतर का पडतं, ते त्याला आकड्यांनीच दाखवता येईल. पोरगा वही घेऊन बसतो म्हणजे त्याला हिशेब कळतो. तेव्हा हिशेबानंच बोलू.

आधी खेळ

हँडबॉलचं मैदान 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद. एका बाजूला सात जण : सहा खेळाडू आणि एक गोलकीपर. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. गोलासमोर सहा मीटरवर वळणदार रेघ असते आणि तिच्या आत फक्त गोलकीपरनं उभं राहायचं. चेंडू हातात घेऊन तीन पावलं टाकता येतात, तीन सेकंद धरता येतो. पुढं पास तरी द्यायचा, टप्पा तरी टाकायचा, नाहीतर गोलावर फेकायचा.

एक हल्ला जवळून बघा. बचाव करणारे सहा जण सहा मीटरच्या रेषेवर खांद्याला खांदा लावून भिंत करतात. त्या भिंतीच्या पोटातच हल्ला करणाऱ्यांचा एक धिप्पाड गडी पाठ करून उभा असतो, त्याला पिव्हट म्हणतात. बाहेर नऊ मीटरवर चेंडू डावीकडून उजवीकडे फिरतो. मधला खेळाडू तीन पावलांत वेग घेऊन उंच उडी मारतो, त्याला अडवायला दोन बचावपटू पुढं सरकतात आणि त्याच क्षणी तो हवेतून मनगट खाली वळवून चेंडू पिव्हटच्या हातात सोडतो. पिव्हट वळून रेषेच्या आत झेपावतो आणि पाय जमिनीला टेकण्याआधी चेंडू फेकतो. खेळाडूंच्या बोटांना राळेसारखा चिकट पदार्थ लावलेला असतो, म्हणून अर्ध्या किलोहून थोडा हलका तो चेंडू एका हाताच्या पंजात घट्ट बसतो. वरच्या दर्जाच्या खेळाडूची फेक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं जाते. गोलकीपर हातपाय फाकून अंगावर घेतो तो हा चेंडू.

हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात घडतं. एका सामन्यात प्रत्येक संघाला असे साधारण पन्नास हल्ले मिळतात आणि त्यातून तीसच्या आसपास गोल होतात. अंदाजाच्या दृष्टीनं हाच मुद्दा मोठा आहे. फुटबॉलमध्ये एक-दोन गोलांवर निकाल लागतो, त्यामुळं दुबळा संघही एखाद्या चुकीच्या जोरावर जिंकून जातो. हँडबॉलमध्ये संधी इतक्या वेळा येतात की सरस संघाचा सरसपणा सहसा दिसून येतोच. बरोबरीही कमी, ढोबळमानानं दहा-बारा सामन्यांत एखादी. म्हणून हँडबॉलचा विजेता ओळखणं तुलनेनं सोपं. तुमच्या पुतण्याला हे लक्षात आलं असणार, आणि त्याचा आत्मविश्वास तिथूनच आला असणार.

सामना कसा वाचायचा

युरोपात पुरुषांच्या क्लब हँडबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. स्पेनचा बार्सिलोना, जर्मनीचे कील आणि माग्देबुर्ग, पोलंडचा किएल्त्से, हंगेरीचा वेझप्रेम, डेन्मार्कचा ऑलबोर्ग ही त्यातली दबदब्याची नावं. 2020 च्या मोसमापासून काही वर्षं चाललेल्या पद्धतीत 16 संघ, आठ-आठचे दोन गट आणि प्रत्येकाचे 14 गटसामने असायचे. सामने बहुधा बुधवारी-गुरुवारी, तिथल्या संध्याकाळी पावणेसात किंवा रात्री पावणेनऊला. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणून तुमच्या घरात सव्वाअकराला मोबाईल उजळतो.

चांगला अंदाज लिहिणारा माणूस पुढच्या गोष्टी बघतो.

पहिली, गोलकीपर. गोलावर आलेल्या शंभरातले तीस चेंडू अडवले तर तो चांगला. चाळीस अडवले तर त्या दिवशी त्याचा संघ हरणं अवघड. एका गोलकीपरचा हात चालला की सामन्यात चार-पाच गोलांचा फरक पडतो.

दुसरी, दमछाक. जर्मन संघ रविवारी घरच्या बुंडेसलिगात कडवा सामना खेळतात आणि बुधवारी परदेशात उतरतात. ज्या देशाच्या लीगमध्ये एकच संघ बलाढ्य आहे, तिथला संघ ताज्या पायांनी येतो.

तिसरी, गरज. त्या पद्धतीत गटातले पहिले दोन संघ थेट उपउपांत्य फेरीत जायचे, तिसरे ते सहावे आधीची बाद फेरी खेळायचे. शेवटच्या आठवड्यात एखाद्याचं स्थान पक्कं झालेलं असतं, तेव्हा तो मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतो. बाद फेरीत दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज धरतात. पहिल्या सामन्यात आठ गोलांनी जिंकलेला संघ दुसरा सामना दोन गोलांनी हरला तरी पुढं जातो, आणि त्याला त्याचं दुःखही नसतं.

चौथी, शिस्त. धसमुसळेपणा केला की खेळाडू दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एकानं कमी. असं तीनदा झालं की लाल कार्ड. आडदांड बचावाचा संघ आणि कडक पंच एकत्र आले की निकालाचा रंग बदलतो.

पाचवी, डावपेच. 2016 पासून गोलकीपरला बाहेर बोलावून त्याच्या जागी सातवा हल्लेखोर उतरवणं सोपं झालं. हल्ला जमला तर फायदा. चेंडू हातचा गेला तर मागं गोल मोकळा.

हे सगळं पारखण्यात खरी बुद्धी लागते आणि ती गोष्ट आनंदाची आहे. कोल्हापूरच्या माणसाला ती नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठेतली पोरं सामन्याआधीच सांगतात, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण कुणाला धरून खेळणार. पुतण्या हेच काम सहा-सात हजार किलोमीटरवरून करू बघतोय, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही, आणि त्याकडे पुन्हा येऊच.

अंदाज किती टिकतो

29 मे 2016, जर्मनीतलं कलोन शहर, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. वेझप्रेम विरुद्ध किएल्त्से. सामन्याची साधारण 14 मिनिटं उरली असताना वेझप्रेम 28–19 नं पुढं होता. नऊ गोलांची आघाडी! त्या घडीला कोणत्याही जाणकारानं वेझप्रेमचं नाव करंडकावर कोरलं असतं. पुढच्या चौदा मिनिटांत वेझप्रेमला एकच गोल करता आला आणि किएल्त्सेनं दहा केले. साठ मिनिटं संपली तेव्हा 29–29. जादा वेळेत 35–35. शेवटी सात मीटरवरच्या फेकींवर किएल्त्से 39–38 नं जिंकला.

डिसेंबर 2020 मध्ये त्याच शहरात बार्सिलोनासारख्या दणकट संघाला कीलनं अंतिम सामन्यात 33–28 असं हरवलं. हे नियमाला अपवाद म्हणून सांगत नाही. ‘ऐंशी टक्के हाच जिंकणार’ या वाक्यातच उरलेले वीस टक्के असतात, आणि ते अधूनमधून हजेरी लावणारच. चांगला अंदाज लिहिणारा ‘हाच जिंकेल’ म्हणत नाही, ‘दहातले आठ वेळा हा जिंकेल’ म्हणतो. पैज लावणाऱ्याला मात्र आजचा एकच सामना दिसतो.

1.25, 12.00, 4.50 म्हणजे काय

आता तुमचे आकडे. समजा, यजमान जिंकण्याचा भाव 1.25, बरोबरीचा 12.00 आणि पाहुणा जिंकण्याचा 4.50 आहे. अर्थ असा : यजमानावर शंभर रुपये लावले आणि तो जिंकला, तर मुद्दलासकट 125 हाती येतात. पाहुणा जिंकला, तर त्याच्यावर लावलेल्या शंभराचे 450.

या भावाच्या पोटात शक्यता दडलेली असते. शंभराला भावानं भागा. 100 भागिले 1.25 म्हणजे 80 टक्के. 100 भागिले 12 म्हणजे 8.33. 100 भागिले 4.50 म्हणजे 22.22. तिन्हींची बेरीज करायला पुतण्याला सांगा. ती 110.55 येते. पण सामन्याचा निकाल या तिन्हींतलाच एक लागणार, म्हणजे खरी बेरीज शंभरच हवी. वरचे 10.55 कुणाचे? बुकीचे.

दुसऱ्या बाजूनं बघा. तुम्ही यजमानावर 80 रुपये, बरोबरीवर 8.33 आणि पाहुण्यावर 22.22 लावलेत, तर निकाल काहीही लागो, तुमच्या हातात शंभरच रुपये येतील. खर्च मात्र 110.55 झालेला असेल. जमा झालेल्या दर शंभरातले साडेनऊ रुपये बुकीनं सामना सुरू होण्याआधीच बाजूला काढले. गोलकीपर कसाही खेळो, ते साडेनऊ त्याचेच.

आता मटका आठवा. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ हा भाव महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आला. आकडे दहा. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावला तर खर्च दहा, मिळकत नऊ. शंभरातले दहा मटकेवाल्याचे. म्हणजे अभ्यासाचा म्हणवला जाणारा हँडबॉलचा भाव आणि नशिबाचा म्हणवला जाणारा मटक्याचा आकडा, दोघांचाही कापा, म्हणजे पैज घेणाऱ्याचा वाटा, जवळजवळ सारखाच. मटक्याचा जन्मही लांबच्याच गोष्टीवर झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तिथूनच आले. 1961 मध्ये तो मार्ग बंद झाला आणि पुढं कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी चिठ्ठ्यांतून, पत्त्यांतून आकडा काढायला सुरुवात केली. कापूस ज्यानं कधी बघितला नाही असा माणूस न्यूयॉर्कच्या कापसावर घर लावत होता. अंतर जेवढं जास्त, तेवढा लावणारा आंधळा.

आणखी दोन सापळे पुतण्याला दाखवून द्या. पहिला, गोलांच्या फरकाची पैज : ‘यजमान सहा किंवा जास्त गोलांनी जिंकेल’ यावर 1.90 आणि ‘नाही’ यावरही 1.90. दिसायला निम्मे-निम्मे. पण शंभर रुपयांच्या शंभर पैजा लावून पन्नास जिंकल्या तर मिळकत 4500 आणि तोटा 5000, पाचशे गेले. नुसतं मुद्दल सांभाळायला शंभरातल्या जवळजवळ 53 पैजा जिंकाव्या लागतात. दुसरा, तीन-चार सामने एकत्र जोडून लावायची पैज. भाव मोठा दिसतो, कारण आकडे गुणले जातात. त्याबरोबर कापाही गुणला जातो : साडेनऊ टक्क्यांच्या तीन पैजा जोडल्या की शंभरातले सुमारे सव्वीस रुपये बुकीकडं. म्हणूनच या पैजेची जाहिरात सगळ्यांत जास्त होते.

‘हँडबॉल कोण बघतंय?’

पुतण्याचा हा मुद्दा बिनबुडाचा नाही. कमी लोक बघतात अशा खेळांत बुकीचे भाव क्रिकेट-फुटबॉलइतके घोटीव नसतात, हे खरं. पण बुकीलाही ते ठाऊक असतं, म्हणून तो तीन उपाय करतो. लहान खेळावर कापा जास्त ठेवतो. मोठी रक्कम घेत नाही. आणि कुणी सातत्यानं जिंकायला लागला की त्याची मर्यादा शंभर-दोनशेवर आणतो किंवा खातंच बंद करतो. हरणाऱ्याला मात्र तो कधीच थांबवत नाही.

याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. ज्या सामन्याकडं जगाचं लक्ष नाही, त्याची आतली बातमी कोणाकडं असते? गगनबावड्यातल्या मुलाकडं नक्कीच नसते.

मे 2012 मध्ये फ्रान्सच्या लीगमध्ये सेसाँ आणि माँपेलिए यांचा सामना होता. माँपेलिएचं विजेतेपद आधीच पक्कं झालं होतं, त्यांच्या दृष्टीनं सामन्यात काही उरलं नव्हतं. मध्यंतराला सेसाँ 15–12 नं पुढं होता आणि शेवटी 31–28 नं जिंकला. पण त्याआधी फ्रान्सच्या लॉटरी कंपनीच्या लक्षात आलं की मध्यंतराला माँपेलिए पिछाडीवर असेल, या एकाच गोष्टीवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसा लागतोय. एवढ्या बिनमहत्त्वाच्या सामन्यावर, तेही पूर्वार्धावर! तपास झाला. माँपेलिएचे काही खेळाडू आणि त्यांच्या जवळची माणसं त्यात निघाली. त्या खेळाडूंत निकोला काराबातिचही होता. जगातल्या सर्वांत मोठ्या हँडबॉलपटूंत त्याची गणना होते. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात आणि 30 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सामना संपताच पोलिसांच्या ताब्यात, असं ते वर्ष त्याच्यासाठी गेलं. सामना मुद्दाम हरल्याचा आरोप त्यानं कायम नाकारला. 2015 मध्ये न्यायालयानं फसवणुकीच्या गुन्ह्यात त्याला आणि इतरांना दंड केला आणि 2017 मध्ये अपिलातही दोषी ठरवलं.

त्या दिवशी सेसाँ–माँपेलिए सामन्याचा अभ्यास करून कुणी प्रामाणिकपणे माँपेलिएवर पैसे लावले असतील, तर त्याचा अभ्यास चोख होता. फक्त त्याच्या पैजेच्या पलीकडच्या टोकाला त्याच्यापेक्षा जास्त माहिती असलेली माणसं बसली होती. पैज लावताना आपण सामन्याशी खेळत नसतो, समोर पैसे लावणाऱ्याशी खेळत असतो. कमी बघितल्या जाणाऱ्या खेळात तो समोरचा माणूस खेळाडूच्या घरातला असण्याची भीती जास्त. पेठेतल्या फुटबॉलची आतली खबर पेठेत कळते. किएल्त्सेतली खबर किएल्त्सेत.

कायदा काय म्हणतो

जर्मनी, डेन्मार्क, फ्रान्समध्ये परवाना घेऊन असा व्यवसाय करता येतो. त्याला लगामही आहे. जर्मनीत 2021 पासून एका माणसाला सगळ्या परवानाधारक कंपन्या मिळून महिन्याला सर्वसाधारणपणे एक हजार युरोच भरता येतात, आणि स्वतःवर बंदी घालून घेणाऱ्यांची देशभर एक नोंदवही आहे.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. घोड्यांच्या शर्यतीवरची ठरावीक चौकटीतली पैज वगळता पैजेला त्यात जागा नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणं पैजेचा करार निरर्थक. जिंकलेले पैसे कुणी दिले नाहीत तर कोर्टात जाऊन मागता येत नाहीत. 1957 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून बक्षिसांची शब्दकोडी मुंबई राज्यात यायची. जुगाराला व्यापार म्हणता येत नाही, त्यामुळं व्यापाराच्या मूलभूत हक्काचं संरक्षण त्याला मिळत नाही, असं न्यायालयानं तेव्हा स्पष्ट केलं.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर त्यानं बंदी आणली, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्यात बाजूला ठेवला. ‘आम्ही अभ्यास करून लावतो’ ही सबब म्हणून चालत नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यानं गुन्हेगार धरलेलं नाही, हे पुतण्याला सांगा, म्हणजे तो भीतीनं काही लपवणार नाही.

पण धोका दुसरीकडून येतो. परदेशात बसलेली ॲप पैसे थेट घेत नाहीत. रोज नव्या माणसाच्या यूपीआयवर भरायला सांगतात. ती खाती बहुधा भाड्यानं घेतलेली असतात, कधी कधी कॉलेजच्या पोरांचीच. ‘तुझं खातं आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार घे’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच पाय मागं घ्यायचा. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्याच दारात येतात. शिष्यवृत्तीचे पैसेही त्याच खात्यात अडकतात.

त्याला काय सांगाल

रागावू नका. रागावलात तर वही बंद होईल आणि मोबाईल पांघरुणात जाईल. आधी सरळ विचारा : ‘पैसे लावलेस का, आणि कुणाकडून उसने घेतलेस का?’ उसनवारी असेल, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचं देणं असेल, तर आधी ते मिटवायला त्याच्या बाजूला बसा. पैसे फसवून गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितकी घाई, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. ‘आजचे गेले, उद्या भरून काढतो’ असं तो म्हणत असेल, झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, तर टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्यासाठीच आहे. तिथं फोन करण्यात कमीपणा नाही.

पैसे लावले नसतील, किंवा लावून थांबला असेल, तर त्याच्या वहीला मान द्या. एक मोसमभर त्यानं प्रत्येक सामन्याआधी शक्यता लिहावी : यजमान इतके टक्के, बरोबरी इतके, पाहुणा इतके. शेजारी बुकीचा भाव लिहावा. पैसा एकही लावू नये. मोसम संपल्यावर तपासावं : ज्यांना त्यानं सत्तर टक्के दिले होते, ते संघ खरंच दहातले सात वेळा जिंकले का? आणि त्या भावानं शंभर-शंभर रुपये लावले असते तर आज हिशेब किती?

एक सावधगिरी त्याला आधीच सांगून ठेवा. नाणं शंभरदा उडवलं तर छाप चाळीस ते साठच्या मध्ये कितीही वेळा येऊ शकतो, त्यात कुणाचं कसब नसतं. निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या शंभर अंदाजांतले 58 बरोबर आले, तर ते अभ्यासाचं फळ की नशिबाचा कल, हे शंभरावरून ठरत नाही. त्यासाठी हजारभर नोंदी लागतात. बहुतेक लोक पहिल्या वीस पैजांतल्या यशावर स्वतःला जाणकार ठरवतात आणि तिथंच बुडतात. ज्याला हे गणित एकदा कळलं, त्याला संख्याशास्त्राच्या वर्गात कुणी हरवू शकणार नाही. खेळांच्या आकडेवारीचं विश्लेषण हा आज पोटापाण्याचा धंदा आहे. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत संघ त्यासाठी माणसं ठेवतात.

आणि हा खेळ आपल्यापासून फार लांब आहे, असं समजू नका. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं इनडोअर हँडबॉल आलं, त्याच वर्षी भारतात हँडबॉल महासंघ स्थापन झाला. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत हँडबॉल पहिल्यांदा खेळलं गेलं. जून 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला मोसम झाला, आणि तो जिंकला महाराष्ट्र आयर्नमेननं. आपल्या राज्याच्या नावाचा संघ देशाचा पहिला लीगविजेता ठरला, हे कलोनच्या सामन्याचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या पुतण्याला माहीत आहे का, विचारा.

गगनबावड्यात जून ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण ऑक्टोबरनंतर शाळेच्या मैदानावर फक्कीनं 40 बाय 20 चा चौकोन आखायला, दोन गोल उभे करायला आणि एक चेंडू आणायला फार खर्च नाही. कबड्डीत पकड शिकलेलं पोरगं हँडबॉलच्या बचावात लवकर रुळतं, आणि फुटबॉलच्या गोलकीपरला हा गोल तर लहानच वाटेल. पुतण्याला नियम पाठ आहेत, डावपेच कळतात, वही लिहायची सवय आहे. गावातल्या चौदा पोरांना हा खेळ शिकवायला एवढं भांडवल पुरतं. त्याच्या अभ्यासाला भाव तिथं मिळेल, आणि त्यातून कुणी कापा काढून घेणार नाही.